कुंपणातले सरपण

इंग्लंडमधल्या शेतांभोवतीची जिवंत कुंपणे पुस्तकांत बहुतेक वेळा दोनच रूपांत भेटतात: मेंढ्या-गुरांना अडवणारी काटेरी भिंत, किंवा पाखरांचा आणि रानफुलांचा आसरा. दोन्ही रूपे खरी आहेत, पण त्यांत एक मोठी गोष्ट सुटते. किमान मध्ययुगाच्या अखेरीपासून कोळसा घरोघरी पोचेपर्यंत ही कुंपणे सरपणाचे राखीव रानही होती. झाडांचे बुंधे अर्धवट कापून, आडवे घालून कुंपण नव्याने उभे करण्याची जी कला तिथे घडली, तिचे स्वरूप चुलीच्या गरजेने ठरवले, असे माझे म्हणणे आहे. कुंपण आणि चूल यांचा संबंध तुटला तेव्हाच ती कला मरणपंथाला लागली.

आधी ती रीत पाहू. पानगळ झाल्यावर झाडातला रस मंदावतो, तेव्हा ऑक्टोबर ते मार्च या काळात हे काम चालते. हॉथॉर्न, हेझेल, ॲश किंवा फील्ड मेपलचा पंधरा-वीस वर्षे वाढलेला सरळ बुंधा निवडायचा आणि जमिनीलगत त्यावर वरून खाली तिरका घाव घालत जायचे. बुंध्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापला गेला, की उरलेल्या साल आणि कोवळ्या लाकडाच्या पट्टीवर तो शेजारच्या झाडाच्या अंगावर निजवायचा. उतार असेल तर शेंडा चढाकडे ठेवायचा. या पातळ पट्टीतून पाणी चढत राहते, म्हणून आडवा झालेला बुंधा जगतो, आणि मागे उरलेल्या खुंटातून वसंतात नवे कोंब सरळ वर येतात. आडव्या फांद्यांमधून साधारण दीड-दीड फुटावर मेखा ठोकतात आणि कित्येक जिल्ह्यांत त्यांच्या माथ्यावरून हेझेलच्या लवचीक काठ्या दोरखंडासारख्या विणून घेतात. इथे वर्णनकार सहसा थांबतात. पण उभ्या वाढीतला फार थोडा भाग प्रत्यक्ष कुंपणात जातो. वेडेवाकडे बुंधे, दाटीने वाढलेली खोडे आणि आडव्या चौकटीत न मावणाऱ्या फांद्या छाटून बाहेर पडतात. त्यांतून जाड ओंडके, मेखांच्या काठ्या, घेवड्याच्या वेलांचे आधार आणि काटक्यांच्या मोळ्या निघत. एका शेताची सगळी कुंपणे एकाच हिवाळ्यात घातली जात नसत. दर वर्षी एखादाच पट्टा घेतला, की पंधरा-वीस वर्षांनी पाळी पुन्हा पहिल्या पट्ट्यावर येई, आणि दर हिवाळ्याला ताजे जळण हाती पडे. वीस वर्षांपेक्षा फार जास्त वाढलेले खोड वाकवताना मोडते, फार लहान खोडाचे जळण निघत नाही. कुंपणाला आणि चुलीला मानवणारे वय एकच निघाले, हे मला फार बोलके वाटते.

हत्यारेही तेच सांगतात. या कामाचे मुख्य हत्यार बिलहूक, म्हणजे टोकाशी आत वळलेल्या पात्याचा आखूड कोयता. लीस्टरशरच्या बिलहूकला पाठीकडे सरळ धारही असे, यॉर्कशरचा लांब दांड्याचा आणि दुधारी असे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले लोहार आपापल्या घाटाचे पाते घडवत. याच कोयत्याने बुंध्याला तिरका घाव घालायचा, मेखेला टोक काढायचे, आणि मग ठोकळ्यावर फांदी ठेवून मोळीच्या मापाच्या काटक्याही त्यानेच तोडायच्या. वळलेले टोक काट्यात हात न घालता फांदी ओढून घ्यायला उपयोगी पडते, आणि सालीच्या पट्टीपाशी येऊन थांबणारा नेमका घाव घालायला पात्याचे वजन कामी येते. जाड ओंडक्यांसाठी कुऱ्हाड, लोखंडी पाचरी आणि लोखंडी कड्या चढवलेला लाकडी घण लागे. मोळी बांधायला पीळ दिलेली हेझेलची ओली काठी पुरे. कुंपणाच्या कामासाठी आणि सरपणासाठी वेगळा कारागीर नव्हता, वेगळी अवजारांची पेटी नव्हती. काटेरी मोळ्यांना घरगुती भट्टीत खास मान होता. मोळी भट्टीच्या आतच पेटवायची, ती झपाट्याने आणि कडक जळते. विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे आणि त्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. या कामाला जाड ओंडका उपयोगाचा नव्हता. तिथे काटक्याच हव्या होत्या, आणि त्या कुंपणात भरपूर होत्या.

कायद्याच्या दफ्तरात या संबंधाचा भक्कम पुरावा आहे. जमीनदाराच्या लाकडावर कुळाचे जे रूढ हक्क इंग्लिश कायद्याने मान्य केले होते, त्यांत घरदुरुस्तीचे, कुंपणाचे आणि जळणाचे लाकूड एकाच यादीत येते. सर्वसाधारण रिवाज असा, की कुंपणातल्या मोठ्या झाडाचा सोट जमीनदाराचा आणि छाटलेल्या फांद्या कुळाच्या. 1553 मध्ये संसदेने विक्रीच्या सरपणाची मापे ठरवणारा कायदा केला, त्यात मोळीच्या मापाचाही समावेश होता. 1601 च्या एका कायद्यात उभे पीक कापणे, फळबाग लुटणे आणि कुंपण मोडणे हे अपराध एकत्र आले. नुकसानभरपाई देऊ न शकणाऱ्याला फटके मारण्याची तरतूद त्यात होती. 1663 च्या कायद्याने चोरीच्या लाकडाच्या संशयावरून घरांची झडती घ्यायची मुभा दिली. कुंपण मोडणारी ही माणसे बहुतेक भूमिहीन होती, आणि कुंपणाच्या काटक्या त्यांच्या चुलीत जात होत्या. त्या काटक्यांना किंमत नसती, तर संसदेला त्यांची राखण करावी लागली नसती.

यावर पहिला आक्षेप असा, की कुंपणाचे मूळ काम अडवण्याचे, जळण हा केवळ आडलाभ. सीझरने इसवी सनपूर्व 57 मधल्या मोहिमेच्या वृत्तांतात उत्तर गॉलमधल्या नर्व्ही लोकांच्या अशाच कुंपणांचे वर्णन केले आहे: कोवळी झाडे कापून वाकवलेली, फांद्या आडव्या वाढवलेल्या, मध्ये काटेरी झुडपे भरलेली. ती घोडदळ रोखण्यासाठी होती. म्हणजे झाड वाकवण्याची युक्ती चुलीसाठी शोधली गेली असे म्हणता येत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. माझा मुद्दा पुढच्या शतकांबद्दलचा आहे. 1523 च्या सुमारास छापलेल्या फिट्झहर्बर्टच्या शेतीपुस्तकात कुंपण घालण्याच्या सविस्तर सूचना येतात, तोवर युक्ती जुनी झाली होती आणि शेतकऱ्याच्या रोजच्या हिशेबात बसली होती. फक्त अडवायचेच असते तर काटेरी हॉथॉर्न एकटा पुरेसा होता. तरीही जुन्या कुंपणांत हेझेल, ॲश आणि मेपल का सापडतात? मॅक्स हूपर यांनी विसाव्या शतकात असा ठोकताळा मांडला, की तीस यार्डांच्या पट्ट्यात जितक्या जातींची झाडे-झुडपे, तितकी शतके त्या कुंपणाचे वय. हा नियम फार लोकप्रिय झाला. गेरी बार्न्स आणि टॉम विल्यमसन यांनी नॉरफोकमधली कुंपणे तपासून त्यावर गंभीर शंका घेतली. त्यांच्या मते जुनी कुंपणे बहुतेकदा पहिल्यापासूनच मिश्र लावलेली असत, कारण लावणाऱ्यांना त्यांतून जळण आणि उपयोगी लाकूड हवे होते. मला हे स्पष्टीकरण जास्त पटते. काळ गेला म्हणून जाती आपोआप जमल्या असतीलही, पण जिथे माणसाला ॲशची गरज होती तिथे तो वारा बी आणून टाकील म्हणून थांबला नसणार.

उलट बाजूची साक्षही पाहावी. मिडलँड्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागाच्या, पट्ट्यात गावाची जमीन मोकळ्या, बिनकुंपणाच्या शेतांत वाटलेली असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस घोड्यावरून इंग्लंड पालथे घालणाऱ्या सीलिया फाइन्स या बाईंनी पीटरबरोच्या परिसरात साध्या माणसांच्या घरांच्या भिंतींवर वाळत घातलेल्या शेणाच्या गोवऱ्यांची नोंद केली आहे. तिथे रानेही कमी होती, त्यामुळे सगळे श्रेय कुंपणांच्या अभावाला देता येणार नाही. पण कुंपण नसलेल्या मुलुखात जळणाची तंगी कशी दिसत होती, ते यातून कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुंपण हे गरिबांना जमिनीवरून हुसकावण्याचे साधन होते, मग त्याच्या सरपणाचे कौतुक कसले? 1607 मध्ये मिडलँड्समधल्या शेतकऱ्यांनी गायराने बंदिस्त करणारी कुंपणे उपटली, आणि नॉर्दॅम्प्टनशरमधल्या न्यूटन गावी जमीनदारांच्या माणसांनी त्यांतल्या चाळीस-पन्नास जणांना ठार केले. 1604 ते 1914 या काळात संसदेने जमीन बंदिस्त करणारे 5,200 हून अधिक कायदे केले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन त्यांच्याखाली आली. ही लूट होती, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण सगळी कुंपणे एकाच जन्माची नाहीत. या कायद्यांची कुंपणे मोजणीदाराने पट्टीने आखलेली आणि बहुतांशी एकट्या हॉथॉर्नची होती. त्यांत हेझेल-ॲशला जागा क्वचितच होती. गायरान गेल्यावर तिथले काटेकुटे गोळा करण्याचा गरिबांचा मार्गही बंद झाला, आणि बदल्यात मिळालेले कुंपण त्यांच्या चुलीला कामाचे नव्हते. जुने मिश्र कुंपण आणि हे नवे कुंपण यांना एकाच मापाने मोजले, तर गरिबांचे नेमके काय गेले ते दिसेनासे होते.

मग कोळसा आला. न्यूकॅसलचा कोळसा समुद्रमार्गे लंडनला आधीपासूनच जात होता. अठराव्या शतकातल्या कालव्यांनी आणि नंतर रेल्वेने तो आतल्या गावांपर्यंत नेला. काटेरी तार आली तेव्हा अडवण्याचे कामही कुंपणाकडून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य वाढवण्याच्या धोरणात हजारो मैल कुंपणे उपटली गेली, त्यासाठी सरकारी अनुदानही मिळत होते. उरलेल्यांवर ट्रॅक्टरला जोडलेले यांत्रिक झोडपे फिरू लागले. ते फांद्यांचा जागेवरच चुरा करतात. त्यात जळण उरत नाही, आणि दर वर्षी त्याच उंचीवर छाटले जाणारे झाड बुडाशी विरळ होत जाते. 1978 मध्ये कुंपण घालण्याची कला टिकवण्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, 1997 च्या नियमांनी महत्त्वाची जुनी कुंपणे उपटायला स्थानिक प्रशासनाची परवानगी बंधनकारक केली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत, तरी त्यांत कुंपण वारसा म्हणून जपले जाते, आणि त्यावर मजुरी खर्च करण्याचे शेतकऱ्याचे जुने कारण परत येत नाही. डेव्हनमधले काही शेतकरी आता उंच वाढलेली कुंपणे पाळीपाळीने बुडापाशी तोडून त्यांचा लाकडी चुरा बॉयलरमध्ये जाळतात आणि खुंटांतून नवी वाढ येऊ देतात. तिथे यंत्र आहे, कोयता नाही, बुंधाही निजवला जात नाही. पण एका वर्षी किती लांबीचा पट्टा तोडायचा आणि पुन्हा त्याच्याकडे कधी यायचे, हा हिशेब त्या शेतांवर पुन्हा मांडला जाऊ लागला आहे.