रोडगा आणि भुलाबाई : वऱ्हाडी घरांतील विनोद

अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, बहिरमचें देवस्थान आहे. हिवाळ्यांत येथें कित्येक आठवडे यात्रा भरते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत खरपूस भाजलेला कणकेचा रोडगा, वरण आणि वांग्याची भाजी हा यात्रेकरूंचा आवडता बेत. देवाला रोडग्याचा नैवेद्य दाखविण्याची चाल वऱ्हाडांत जुनी आहे. त्यामुळें संत एकनाथांचें ‘रोडगा’ हें भारूड या भागांतील श्रोत्यांच्या कानीं पडलें, म्हणजे त्यांतील गंमत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं.

पैठणच्या एकनाथांच्या (१५३३–१५९९) या भारुडांतील सून भवानीला नवस बोलते. मागणें काय, तर सासरा, सासू, जाऊ, नणंदेचें पोर या एकेकाची वाट लाव, शेवटीं नवऱ्यासही ने, आणि मला एकटीला सुखानें राहूं दे. मोबदला काय, तर एक रोडगा! भारुडाचा गूढार्थ परमार्थाचा आहे. हे आप्त म्हणजे जीवास गुंतवून ठेवणारे पाश होत. पण परमार्थाचें दार उघडण्यापूर्वीं श्रोते हसतात तें घरच्याच अनुभवावर. मनांत एखादे दिवशीं येऊन गेलेला, पण ओठावर आणण्याची सोय नसलेला विचार येथें भर कीर्तनांत, संतांच्या मुखानें बोलला जातो. आणि तो इतका फुगवून बोलला जातो कीं, ऐकणाऱ्या सुनेस आपलें गाऱ्हाणें एकाएकीं लहान वाटूं लागतें.

जें कार्य भारुडानें कीर्तनांत केलें, तेंच वऱ्हाडांतील मुलींनीं अंगणांत केलें. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचा उत्सव चाले. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे पार्वती आणि शंकर. त्यांच्या मातीच्या मूर्तींपुढें रोज सायंकाळीं गाणीं होत, आणि शेवटीं झांकून ठेवलेला खाऊ ओळखावयाचा असे. गाण्यांचा मुख्य विषय सासर आणि माहेर. एका गाण्यांत सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू सांगते, आधीं कारल्याचा वेल लाव. वेल वाढतो, फूल येतें, कारलें धरतें, भाजीही होते; परवानगी मात्र प्रत्येक वेळीं एक पायरी पुढेंच सरकते. दुसऱ्या गाण्यांत घरांत नणंद आणि भावजय दोघीच, आणि शिंक्यावरचें लोणी नाहींसें झालेलें!

हा निव्वळ पोरखेळ नव्हता. या मुलींचीं लग्नें फार कोवळ्या वयांत होत. १९२९ सालच्या कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ वर्षें ठरविलें; यावरून पूर्वींची स्थिति काय असेल याची कल्पना यावी. अशा अल्पवयी सुनेनें सासूस उलट उत्तर देणें म्हणजे मोठाच अपराध. परंतु भुलाबाईच्या नांवानें तिला तें उत्तर गातां येई. त्यांत कोणाचें नांव नसे, म्हणून कोणाचा अपमान नसे. शिवाय ओसरीवर बसून ऐकणाऱ्या सासूनें आपल्या लहानपणीं हींच गाणीं म्हटलेलीं असत. ती हसली, तर तें हसूं आपल्याच जुन्या दुःखाची ओळख पटल्याचें असे. आणि त्या ओळखीनें दोघींमधील अंतर थोडें कमी होई.

घरांतील पुरुषांस असें आरशापुढें उभें करण्याचें काम याच जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) केलें. वऱ्हाडी बोलींत ते श्रोत्यांस साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरें त्यांच्याच तोंडून काढवीत. दारू, कर्ज, लग्नांतील उधळपट्टी, म्हणजे घरोघरच्या भांडणांचीं मुळें, श्रोत्यांपुढें अशा रीतीनें येत कीं, हसतां हसतां ज्याचा तो मनांत वरमे.

येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. विनोद आणि टोमणा हे दोन्ही हसवितात; परंतु टोमण्याला नांव असतें, आणि तो बहुधा बलवानाकडून दुर्बलाकडे जातो. सुनेच्या माहेरावर सासरच्यांनीं केलेली ‘थट्टा’ ही या दुसऱ्या प्रकारची. तिनें भांडण मिटत नाहीं, मुरतें. भुलाबाईचें हसूं याच्या अगदीं उलट होतें. तें खालून वर जाई, आणि देवीच्या आडोशानें जाई.

विनोदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गाण्यानें लोण्यावरचा तंटा मिटतो, छळ मिटत नाहीं. छळावर उपाय म्हणून शिक्षण आणि कायदे यावे लागले. आज भुलाबाई पूर्वींच्या मानानें विरळ झाली आहे, आणि सुनेस मनांतलें बोलण्यास देवीचा आडोसा पूर्वींइतका लागत नाहीं, हें इष्टच होय. तथापि लहानसहान कुरबुरी घर म्हटलें कीं आल्याच. त्या वेळीं दुसऱ्याचें नांव न घेतां आधीं स्वतःवर हसणारें एक माणूस घरांत असलें, तर कारल्याच्या भाजीचीही कडू चव पुष्कळ कमी होते.