लस आणि ताण: भायखळ्यापासून आमच्या घरापर्यंत

आजचा विषय आईमुळे सुचला. आजीला स्मृतिभ्रंश आहे. गेली पाच वर्षं आई तिचं सगळं करते, रात्री दोन-तीनदा उठते. मागच्या पावसाळ्याआधी मी दोघींना फ्लूची लस देऊन आणली, तेव्हा माझी सगळी काळजी आजीची. आईचं काय, ती तर धडधाकट! मग वाचत गेलो.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. टोचलेल्यांपैकी किती आजारी पडले, न टोचलेल्यांपैकी किती, असा हिशेब ठेवला. त्या काळी हेही केवढं मोठं काम! पण बाहेर दुष्काळ, घरझडती, सक्तीच्या छावण्या. अशात पिचलेल्या माणसाला लस तेवढीच लागू पडते का? हे विचारायला शब्दच नव्हता. ताणावरचं हान्स सेल्ये यांचं गाजलेलं टिपण ‘नेचर’मध्ये आलं ते १९३६ मध्ये.

प्रश्नाला हात घातला तो अमेरिकेत, ओहायोतल्या एका जोडप्याने: मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि विषाणूतज्ज्ञ रोनाल्ड ग्लेझर. १९९२ मध्ये त्यांनी ४८ मेडिकल विद्यार्थ्यांना ऐन परीक्षेत हेपॅटायटिस बीची लस दिली. पहिल्याच डोसनंतर अँटिबॉडी दिसल्या फक्त १२ जणांत, आणि तेच बाकीच्यांपेक्षा कमी ताणात होते. (आमच्या इंजिनिअरिंगच्या सबमिशनच्या आठवड्यात हे केलं असतं तर आकडा काय आला असता, देव जाणे.)

१९९६ चा अभ्यास वाचताना मात्र मी थांबलोच. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणारे ३२ वयस्कर लोक आणि त्यांच्याच वयाचे, ही जबाबदारी नसलेले ३२. सगळ्यांना फ्लूची लस. अँटिबॉडी चौपट वाढल्या त्या दुसऱ्या गटात २१ जणांच्या, सेवा करणाऱ्यांत फक्त १२ जणांच्या.

कारण साधारण असं: ताण महिनोन् महिने राहिला की कॉर्टिसॉलचं गणित बिघडतं. टी पेशींनी बी पेशींना मदत करायची, मग बी पेशी अँटिबॉडी बनवणार, ही साखळी मंदावते. झोप कमी असेल तर आणखीच. लस वाया जात नाही, ती घ्यायचीच. पण अभ्यास लहान असला तरी त्या ३२ जणांत मला आईच दिसत होती.

आता बुधवार आणि शनिवारची रात्र माझी. पहिल्या बुधवारी आई तरीही दोनला उठून दारात उभी राहिली. म्हणाली, “अरे, तिला पांघरूण नीट घातलंस ना?”