दारातला ठिय्या

एप्रिल २००३. तुम्ही उतरता ते लायबेरियाच्या राजधानीत, मोनरोव्हियात, टबमन बुलेवार्डच्या कडेला. शेजारी मासळीबाजार, पुढं उघडं मैदान, आणि मैदानात पांढरे टी-शर्ट घातलेल्या, डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या शेकडो बायका. अंगावर दागिना नाही, तोंडाला रंग नाही. कोण ख्रिस्ती, कोण मुसलमान, काही कळत नाही. तुमच्याही हातात कुणीतरी शर्ट कोंबतं आणि सरकून जागा करून देतं.

मैदान हेरून निवडलंय. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टायलर यांचा ताफा रोज याच रस्त्यानं जातो. उन्हात बसायचं, पाऊस लागला की पावसात. मोनरोव्हियाचा पाऊस कोकणालाही भारी पडेल असा. ताफा सुसाट निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा तिथंच.

शेजारची बाई तुटक बोलते. १९८९ पासून मधली थोडी वर्षं सोडली तर युद्धच. पोरं सरकार आणि बंडखोर, दोन्ही बाजूंनी पळवली, हातात बंदुका दिल्या. तिचंही एक नेलं.

या बायकांच्या पुढारी लेमा ग्बोवी अवघ्या एकतीस वर्षांच्या. युद्धात होरपळलेल्या मुलांसोबत काम केलेल्या समाजसेविका. असातू बाह केनेथ पोलिसात आहेत, मुस्लिम बायकांना त्यांनी जोडून घेतलं. शुक्रवारी मशिदी, शनिवारी बाजार, रविवारी चर्च, असा पत्रकं वाटायचा क्रम. नवऱ्यांशी शरीरसंबंध बंद, अशीही हाक दिली जाते. परदेशी वार्ताहर त्यावरच तुटून पडतात. त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा नव्हता, प्रसिद्धी मात्र भरपूर मिळाली, असं ग्बोवीच पुढं लिहितील.

२३ एप्रिलला टायलर भेट देतात. ग्बोवी बोलायला उभ्या राहतात, पण निवेदन सोपवतात ते सिनेटमधल्या ग्रेस मायनर यांच्या हाती. मागणी: लढाई थांबवा, वाटाघाटींना बसा.

आता घाना. ४ जूनला तिथं दोन्ही बाजूंची बोलणी सुरू होतात आणि त्याच दिवशी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाचं टायलरवरचं आरोपपत्र जाहीर होतं. ते तडक मायदेशी परततात. मागे उरलेले लढणाऱ्या गटांचे सरदार हॉटेलात राहतात, जेवतात, कुणाला कोणतं खातं यावर घोळ घालतात. जुलैत मोनरोव्हियावर तोफगोळे पडतात. बातम्या घानाच्या राजधानीत, अक्रात, बोलण्यांच्या सभागृहाबाहेर बसलेल्या बायकांपर्यंत पोचतात, आणि एक दिवस त्या आत शिरून दारापाशी जमिनीवर बसतात. हातात हात अडकवतात. तुमचाही हात कुणीतरी घट्ट धरतं. करार झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही.

पहारेकरी ग्बोवींना अटक करायला येतात. त्या उभ्या राहतात आणि अंगावरचे कपडे सोडायला लागतात. पहारेकरी मागे सरतात. पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईनं असं उघडं होणं हा पाहणाऱ्याला शाप असतो. (पुढच्याच वर्षी, १५ जुलै २००४ रोजी, इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा मणिपुरी इमा, म्हणजे आया, याच टोकाला गेल्या.) मध्यस्थ, नायजेरियाचे माजी सत्ताधीश जनरल अब्दुलसलामी अबुबकर, बायकांची बाजू घेतात आणि सरदारांना खडसावून आत बसवतात.

सगळ्यांच्या लक्षात राहिला तो कपड्यांचा क्षण. मला विचाराल तर खरी करामत त्याआधीची: आत कोण आहे, त्यांना इथं काय सुखाचं वाटतंय आणि दार कुठं आहे, हे बायकांनी आठवडेच्या आठवडे बसून पाहिलं होतं.

११ ऑगस्टला टायलर देश सोडतात, १८ ला करार होतो. त्यात खाती मिळतात बंदूकवाल्यांना. म्हणून बायका पुन्हा बाजारात, या वेळी मतदार नोंदणीसाठी. १६ जानेवारी २००६ ला एलेन जॉन्सन सर्लीफ शपथ घेतात. आफ्रिकेतली निवडून आलेली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. २००७ मध्ये त्यांच्या कार्यालयाबाहेर पहाऱ्याला दिसतात निळ्या टोपीतल्या भारतीय बायका, सीआरपीएफच्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या. तुम्ही हिंदीत हाक मारता, त्या चमकून बघतात.

थोडं पुढं सरकलात, २०२३ च्या निवडणुकीनंतरच्या संसदेत डोकावलात, तर दहा खासदारांमागे बाई जेमतेम एक. राखीव जागांचे प्रस्ताव येतात आणि अडकतात. तिथं फार वेळ घालवू नका. तोतोता गावात चला, बायकांच्या ‘पीस हट’मध्ये. मारहाणीची तक्रार चालू आहे. नवऱ्याला बोलावणं गेलंय. तो आला नाही, तर ठाण्यात लावायचा फोन एका बाईनं आधीच हातात घेतलाय.