शाणेवरची ठिणगी

सायकलचे चाक फिरवून चाकू-कात्रीला धार लावणारा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याच्या शाणेवरून ठिणग्यांचा फवारा उडतो, हातावर पडतो आणि त्याला काही होत नाही. ठिणगीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असते, पण तिचे वस्तुमान इतके थोडे की तिच्यातली उष्णता कातडी भाजायला पुरत नाही. तापमान आणि उष्णता यांतला फरक सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र ते एवढ्यावरच सोडले, तर ठिणगी निरुपद्रवी असते असा समज होतो. या समजाची किंमत माणसांनी पूर्वी मोजलेली आहे.

ठिणगी म्हणजे काय, हे प्रथम नीट पाहिले रॉबर्ट हूक यांनी. गारगोटीवर पोलाद आपटून पडलेल्या ठिणग्या त्यांनी पांढऱ्या कागदावर झेलल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. त्यांना दिसल्या बारीक, चकचकीत, गोल गोळ्या. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्यांनी लिहिले की पोलादाचा सुटलेला कण वितळण्याइतका तापलेला असतो. आज आपण यात भर घालू : तो कण नुसता तापत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो. ठिणगी म्हणजे जळते लोखंड.

हे पुढच्या शतकातल्या खाणमालकांनी मनावर घेतले नाही. इंग्लंडमधल्या व्हाइटहेवनच्या कोळसाखाणीत मिथेन वायू साठे, त्यामुळे मेणबत्ती नेणे धोक्याचे होते. तिथल्या कार्लाइल स्पेडिंग यांनी पोलादाची चकती गारगोटीवर फिरवून ठिणग्यांच्या उजेडात काम करण्याची युक्ती काढली. एक मुलगा चकती फिरवी, बाकीचे कोळसा खणत. ठिणगीने मिथेन पेटत नाही, अशी समजूत होती. बहुतेक वेळा पेटत नसेही, कारण हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते आणि ठिणगीही पुरेशी मोठी लागते. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. अशा ठिणग्यांनी पुढे स्फोट झाले. स्पेडिंग स्वतः १७५५ मध्ये खाणीतल्या स्फोटात मरण पावले.

शेफील्डच्या सुरी-काटे बनवणाऱ्या कारागिरांना मात्र ठिणगीची भीती नव्हती. त्यांना मारत होती धूळ. कोरड्या दगडावर काटे घासणाऱ्यांचे आयुष्य सरासरी जेमतेम ३५ वर्षांचे, असे तिथल्या डॉ. नाइट यांचे निरीक्षण एंगल्स यांनी १८४५च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. शेफील्डच्याच जे. एच. अब्राहम यांनी धूळ पकडायला चुंबक सुचवले. कल्पना सुरेख, पण चुंबक पोलादाचे कण ओढतो आणि फुप्फुस कुजवणारी दगडाची धूळ तशीच राहते! खरा उपाय ठरला पंखा आणि नळ. कारागिरांपैकी काहींनी त्यालाही विरोध केला. आयुष्य वाढले तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी घटेल, हा त्यांचा हिशेब होता. तो चूक होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पंखा धूळ नाहीशी करत नाही. ती नळातून ओढून एका जागी गोळा करतो, आणि ठिणगी आली तर तिलाही त्याच जागी पोचवतो. धूळ कशी पेटते, हे जगाला कळले गिरणीमुळे. २ मे १८७८ रोजी अमेरिकेत मिनियापोलिस येथे वॉशबर्न गिरणीत पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन १८ माणसे मेली. कोरडी फिरलेली जाती एकमेकांवर घासली आणि आग लागली, असा निष्कर्ष निघाला.

जे पिठाचे, तेच धातूचे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे दहा मायक्रॉन बाजूचे तुकडे केले की तुकडे होतात शंभर कोटी आणि पृष्ठफळ ६,००० चौरस सेंटिमीटर. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. त्यात ॲल्युमिनियमचा एक ग्रॅम जळताना सुमारे ३१ किलोज्यूल उष्णता देतो, पिठाच्या जवळजवळ दुप्पट.

आणि इथेच खरी मेख आहे. लोखंड शाणेवर ठिणग्या टाकते. ॲल्युमिनियम टाकत नाही. त्यामुळे ॲल्युमिनियम घासणाऱ्याला आपले काम सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पिशवीत जमते ते उत्तम इंधन. त्याच चाकावर नंतर कोणी लोखंड घासले की पंखा हवा पुरवतो, लोखंड ठिणगी पुरवते आणि इंधन आधीच तयार असते.

कधी तर ठिणगीचीही गरज लागत नाही. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमध्ये कुनशान येथे मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना झिलई देणाऱ्या कारखान्यात सकाळी स्फोट झाला. अखेरीस मृतांचा आकडा १४६ वर गेला. धूळ ओढणारी यंत्रे तिथे होती, पण वेळेवर साफ केली जात नव्हती. चौकशीत आढळले की धूळ गोळा करणारे एक पिंप गंजून ओल आत गेली, ओल्या पुडीची पाण्याशी क्रिया होऊन ती तापत गेली आणि तिथूनच स्फोट झाला. या क्रियेत हायड्रोजनही सुटतो. म्हणून धूळ पाण्यात धरणाऱ्या यंत्रालासुद्धा वायू बाहेर पडायला वाट ठेवावी लागते. पेटलेल्या ॲल्युमिनियम पुडीवर पाणी मारू नये ते याचसाठी. कोरडी वाळू अलगद पसरावी.

तुमच्या शाळेच्या कार्यशाळेत ग्राइंडरखाली धूळ ओढणारे यंत्र असेल, तर ते बंद करून थंड झाल्यावर पिशवीतली चिमूटभर पूड कागदावर घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. जी हलते ती लोखंडाची. उरलेल्या पुडीत शाणेचे कण असतील, कदाचित ॲल्युमिनियमही. प्रयोगशाळेत, ज्योतीपासून दूर, परीक्षानळीत तिच्यावर विरल कॉस्टिक सोड्याचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले, तर दोन्ही धातूंची चाके, नळ आणि पिशव्या त्याच दिवशी वेगळ्या कराव्यात.