मुठीची शिल्लक

दळायला जोंधळा काढला की बाया त्यातली एक मूठ उतरंडीच्या गाडग्यात टाकायच्या. रोजची मूठ घरात कुणाला जाणवायची नाही. जुनेर गोधडीत जायचं, भांडी राखेनं निघायची, जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची. तेवढंच रॉकेल वाचायचं. १९७२ च्या दुष्काळात त्या मुठीची किंमत कळली. माणसं खडी फोडायला गेली, रेशनला अमेरिकेचा तांबडा मिलो आला. पण कामाचा पगार हातात पडेस्तवर चूल पेटली ती गाडग्यातल्या दाण्यावरच. पुढं १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. बायांना ते फार नवं नव्हतं. दाण्याच्या जागी रुपया आला एवढंच. पेरणीच्या टायमाला बी-बियाण्याचा पहिला पैसा अजून त्यांच्याच गाठीतून सुटतो.