प्राण्यांतील भावना व बुद्धिमत्ता

भीती, राग, जिव्हाळा, कुतूहल यांसारख्या भावावस्था आणि शिकणे, आठवणे, अडचण सोडवणे, दुसऱ्याचा अंदाज घेणे या बौद्धिक क्षमता यांचा मानवेतर प्राण्यांतील परस्परसंबंध. भावना बुद्धीच्या आड येते हा समज जुना आहे, पण प्रयोगांतून वेगळेच चित्र दिसते. कशाकडे लक्ष द्यायचे, काय ध्यानात ठेवायचे आणि कशासाठी धडपडायचे हे बहुधा भावना ठरवते. ते कसे साधायचे हे बुद्धी पाहते.

चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये मानव आणि उच्चस्तरीय प्राणी यांच्या मनांतील फरक प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे, असे मांडले आणि पुढच्याच वर्षी माणूस व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे अनुयायी जॉर्ज रोमानेस यांनी मात्र ऐकीव किश्शांवर फार भर दिला. त्याला आवर घालण्यासाठी लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये नियम घातला : साध्या मानसिक प्रक्रियेने वर्तनाचा उलगडा होत असेल, तर वरच्या पातळीची प्रक्रिया गृहीत धरू नये. नियम योग्यच होता. पण केवळ बाहेर दिसणारे वर्तनच अभ्यासणाऱ्या वर्तनवाद्यांच्या हाती त्याचा, प्राण्यांच्या भावनांचे नावच काढायचे नाही, असा दंडक झाला आणि या विषयाची कित्येक दशके वाया गेली.

त्या काळातही प्रयोगशाळेत भावना डोकावतच होत्या. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ दाखवल्यावर खाणे मिळे, लंबवर्तुळ दाखवल्यावर मिळत नसे. हा फरक तो चटकन शिकला. मग लंबवर्तुळ टप्प्याटप्प्याने गोलाकार करत नेले. त्याच्या अक्षांचे गुणोत्तर ९ : ८ वर आले तेव्हा कुत्र्याला आकार ओळखता येईनात. एरवी शांत असलेला तो प्राणी केकाटू लागला, अंगाला लावलेली साधने दातांनी ओढू लागला. आणि पूर्वी सहज ओळखू येणारा ठळक फरकही त्याला ओळखता येईनासा झाला. क्लेश वाढला तशी शिकलेली गोष्टही हातची गेली. रॉबर्ट यर्कीझ व जॉन डॉडसन यांना १९०८ मध्ये उंदरांत याच्याशी जुळणारी गोष्ट आढळली होती : अवघड फरक शिकताना बेताचा विजेचा धक्का उपयोगी पडे, तीव्र धक्क्याने शिकणे मंदावे.

भीतीने बुद्धी पांगळी होते, तशी ती धारदारही होते. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि पायात खुणेच्या कड्या घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत मागे लागत. हे वैर वर्षानुवर्षे टिकले, आणि कधीच न पकडलेले कावळेही त्यात सामील झाले. पुढे मेंदूच्या प्रतिमांत दिसले, की पकडणाऱ्याचा चेहरा पाहताना कावळ्याच्या मेंदूतील भीतीशी निगडित भाग जागे होतात. पुण्याचे मिलिंद वाटवे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेडा राघू या पक्ष्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळ माणूस असताना हा पक्षी बिळातल्या घरट्यात शिरायचे टाळतो. पण तो माणूस घरटे दिसणार नाही अशा जागी उभा असेल, तर तेवढ्याच अंतरावरही पक्षी अधिक निर्धास्तपणे आत जातो. समोरच्याला काय दिसते याचा हिशेब त्या धास्तीत असतो.

भावना व बुद्धी यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे उलगडणारा प्रयोग शिकागो विद्यापीठातला आहे. २०११ मध्ये इनबाल बेन-अमी बार्ताल व सहकाऱ्यांनी एका उंदराला अरुंद नळीत अडकवले आणि त्याच्या सोबत्याला बाहेर मोकळे ठेवले. नळीचे दार बाहेरूनच उघडत असे. मोकळ्या उंदराने काही दिवसांत ते उघडण्याची युक्ती शोधली आणि कोणतेही बक्षीस नसताना तो सोबत्याला सोडवू लागला. शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवले, तेव्हा त्याने दोन्ही नळ्या उघडल्या आणि पुष्कळदा चॉकलेटही वाटून खाल्ले. २०१६ च्या प्रयोगात उंदरांना चिंता शमवणारे मिडॅझोलॅम हे औषध दिले. ते उंदीर चॉकलेटसाठी दार उघडत. अडकलेल्या सोबत्यासाठी मात्र उघडत नसत. कौशल्य शाबूत होते, पण सोबत्याच्या हालांनी होणारी तगमग ओसरली होती.

यावरून अधिक बुद्धिमान प्राण्याला अधिक दुःख होते, असा निष्कर्ष निघत नाही. कायदेही संरक्षण देताना बुद्धी मोजत नाहीत. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी संवेदनशीलता कायद्यात ऑक्टोपसबरोबर खेकडे व शेवंडही आले. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात माणूस सोडून प्रत्येक जीव ‘प्राणी’ ठरतो. बुद्धीची अट नाही.