कुरव, कातडे आणि कागद : मालवणच्या किनाऱ्यावर ‘दुर्मीळ’ कशाला म्हणावे?

डिसेंबरात देवबागच्या संगमावर जो ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ दिसतो, त्याचे डोके तपकिरी नसते. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या ‘काळ्या डोक्याच्या कुरवा’चे डोकेही काळे नसते. दोघांची डोकी पांढरी, आणि कानामागे शाईचे बोट पुसावे तसा एकेक डाग. पर्यटकांच्या होडीत दोघांनाही ‘सीगल’ म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु कुरवांच्या या थव्यात एखादा वेगळा, दुर्मीळ पक्षी उभा आहे असे कोणी म्हणाले, तर त्या म्हणण्याला पुरावा कोणता मानायचा? हा प्रश्न पक्षिशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे, आणि या धाग्यात तो इतिहासाच्या बाजूने पाहायचा आहे.

आरंभ नावापासून करू. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे शास्त्रीय वर्णन १८४० साली थॉमस जर्डन या मद्रास सैन्यातील शल्यवैद्याने प्रसिद्ध केले. त्याचे मूलस्थान म्हणून ग्रंथांतरी जी जागा नोंदली आहे, ती आहे ‘भारतीय द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा’. म्हणजे आपलाच किनारा. हा पक्षी अंडी घालतो ती लडाख, तिबेट आणि पामीरच्या उंच सरोवरांकाठी. समुद्रावर तो केवळ हिवाळा काढायला येतो. तरीही शास्त्राला तो प्रथम ‘ठाऊक’ झाला तो पाहुणा म्हणून, कारण बंदुका, होड्या आणि लिहिणारे साहेब किनाऱ्यावर होते. मार्चच्या सुमारास परतीला निघण्यापूर्वी काही पक्ष्यांची डोकी रंगू लागतात. तोवर ओळख पटवायची ती पंखाच्या टोकावरून व डोळ्यावरून : प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, आणि पंखाच्या काळ्या टोकात आरशासारखे पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, आणि पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी लांबट पाचर.

आता दक्षिण कोकणाकडे वळू. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या नोंदी शोधायच्या तर ‘रत्नागिरी’ आणि ‘सावंतवाडी संस्थान’ या नावांखाली शोधाव्या लागतात. (संगणकावर केवळ ‘सिंधुदुर्ग’ हा शब्द टाकून शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. निम्मा इतिहास त्याने निसटतो.) येथील पक्ष्यांची पहिली मोठी यादी केली ती मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी. ‘दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली यादी’ या अर्थाचे तिचे शीर्षक. १८८० साली ती ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली, आणि त्याच वर्षी रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियरही प्रसिद्ध झाले, ज्याच्या मजकुरातही व्हिडाल यांचा मोठा वाटा होता. एकच अधिकारी महसूल, मासे आणि पाखरे यांची गणती करत होता. वसाहतकालीन ज्ञानाची ही घडणच तशी होती.

‘स्ट्रे फेदर्स’ चालवणारे संपादक म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शालेय पुस्तकात ते १८८५ च्या राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून भेटतात. पक्ष्यांच्या जगात ते त्याहून आधी गाजलेले होते. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून, वैद्यांकडून, मळेवाल्यांकडून ते कातडी व टिपणे मागवीत. १८७५ च्या आरंभी सागरी सर्वेक्षणाच्या जहाजातून ते लक्षद्वीपला गेले. त्या प्रवासाचा पश्चिम किनाऱ्यासह लिहिलेला वृत्तांत पुढच्या वर्षी त्यांनी छापला, आणि त्यात वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांचाही समावेश आहे. निवतीच्या समुद्रात दीपगृह असलेले हेच ते खडक, जेथे पाकोळ्या गुहांत घरटी करतात.

ह्यूम यांची पद्धत साधी होती : पक्षी पाडावा, कातडे सोलावे, कापूस भरावा, आणि पायाला चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, लिंग आणि पाडणाऱ्याचे नाव. ‘पाहिला’ या शब्दाला त्या काळी फारसे मोल नव्हते, ‘पाडला’ हाच पुरावा. आज आपल्याला हे क्रूर वाटते, आणि ते क्रूर होतेच. पण त्या चिठ्ठीचे सामर्थ्य मान्य करावे लागते. १८८५ मध्ये सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह ह्यूम यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला. त्याआधी त्यांची कित्येक वर्षांची हस्तलिखिते घरातूनच नाहीशी होऊन रद्दीच्या भावाने विकली गेली होती. कागद गेले, कातडी उरली. आणि कातड्यांवरच्या चिठ्ठ्यांमुळे नंतरच्या लोकांना त्यांची ओळख नव्याने तपासता आली.

अशी तपासणी का लागते, हे मोठ्या कुरवांच्या बाबतीत फार उघडपणे दिसते. कोकणात हिवाळ्यात जे मोठे, राखी-काळसर पाठीचे, पिवळ्या पायांचे कुरव वाळूच्या दांड्यावर बसतात, त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे ग्रंथ ‘लॅरस ॲफिनिस’ म्हणत. ब्लॅनफर्ड यांच्या १८९८ च्या खंडातही हेच नाव आहे. हे नाव राइनहार्ट यांनी १८५३ साली दिले होते ते ग्रीनलँडमध्ये मिळालेल्या एका पक्ष्यावरून! पुढे तो मूळ नमुना तपासल्यावर तो पश्चिम युरोपातील प्रकाराचा ठरला, आणि सायबेरियातून आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्यांना ‘हॉयग्लिनी’ हे १८७६ चे नाव लागू झाले. थिओडोर फॉन हॉयग्लिन हे आर्क्टिकच्या प्रवासाला जाऊन आलेले जर्मन प्रवासी. त्याच वर्षी ते वारले. त्यानंतर १९६० मध्ये योहानसेन यांनी पश्चिम सायबेरियातील बाराबा या गवताळ प्रदेशातल्या कुरवांना ‘बाराबेन्सिस’ असे वेगळे नाव दिले. आपले पक्षिनिरीक्षक ‘स्टेप गल’ म्हणतात तो हाच.

व्हिडाल किंवा ह्यूम यांच्या लिखाणात बाराबेन्सिस सापडत नाही, सापडणारच कसा? तेव्हा त्याला नावच नव्हते. पक्षी वाळूवर उभा असेल, दुर्बिणीत आला असेल, कदाचित पाडलाही गेला असेल, पण कागदावर उतरताना तो दुसऱ्याच कोणाच्या नावाने उतरला असणार. जुन्या कागदपत्रांत एखाद्या जातीचा, गावाचा किंवा व्यवसायाचा उल्लेख नाही म्हणून तो समाज अस्तित्वातच नव्हता, असे विधान करणाऱ्याला आपण वर्गात ताबडतोब अडवतो. पाखरांच्या बाबतीत मात्र ‘मालवणला याची जुनी नोंद नाही, म्हणजे हा येथे दुर्मीळ’ हे वाक्य बिनदिक्कत उच्चारले जाते. माझ्या मते या वाक्यातल्या ‘दुर्मीळ’ या शब्दाने पुष्कळदा पक्ष्यांची संख्या सांगितली जात नाही, निरीक्षकांची सांगितली जाते. गोव्यात आणि मुंबईत दुर्बिणी अधिक आहेत. मधल्या किनाऱ्यावर त्या कमी. त्यातही कुरव हा संग्राहकांचा आवडता पक्षी नसावा असे वाटते : मोठा, चरबीने ओथंबलेला, माशाचा वास मारणारा, सोलायला कंटाळवाणा.

गंमत अशी की ह्याच कुरवांवरून जीवशास्त्राने एक मोठा सिद्धांत उभा केला. उत्तर ध्रुवाभोवती कुरवांची एक साखळी आहे, शेजारचे प्रकार एकमेकांत मिसळतात, पण साखळीची दोन टोके युरोपात भेटतात तेव्हा मिसळत नाहीत, असा तो ‘वलय-जाती’चा सिद्धांत. अर्न्स्ट मायर यांच्या १९४२ च्या ग्रंथाने तो सर्वतोमुखी केला. २००४ मध्ये लीबर्स, डी क्नाइफ आणि हेल्बिग यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखवले की हे वलय तसे जुळतच नाही. आज ‘ईबर्ड’च्या यादीत हॉयग्लिनी आणि बाराबेन्सिस हे दोन्ही एका व्यापक जातीचे उपप्रकार म्हणून आहेत, २००५ च्या रासमुसेन-अँडरटन यांच्या ग्रंथात ते वेगळे मांडले होते. नावे फिरत राहतात. म्हणून नोंदीत नुसते नाव लिहून भागत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग कातडेच बरे. ते तरी खोटे बोलत नाही. तर तेही बोलते. आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात त्याचे काही नमुने गोळा केले. नंतर रिचर्ड माइनर्टझहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत आपण एक मिळवला असा दावा केला, आणि तो दशकानुदशके ग्रंथांत नांदला. रासमुसेन आणि कॉलर यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले की तो नमुना डेव्हिडसन यांच्याच संग्रहातला होता : संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या अस्सल जागांकडे लक्ष वळवले, तेव्हाच नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. शोधाची दिशाच एका बनावट चिठ्ठीने चुकवलेली होती.

१८९८ हे वर्ष पुन्हा आठवा. ब्लॅनफर्ड यांचा खंड निघाला त्याच वर्षी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि प्रस्तावनेत बखरींच्या विश्वासार्हतेवर कठोर प्रहार केले. अस्सल पत्र, तारीख, हस्ताक्षर, कागद : राजवाड्यांची कसोटी आणि ह्यूम यांची चिठ्ठी यांत मला नाते दिसते. पण बखर टाकून देण्याच्या भरात आपण काय गमावले, याचाही विचार पुढील पिढ्यांनी केलाच. किनाऱ्यावरची बखर म्हणजे गाबीत मच्छीमारांची जाण. पाखरे कोठे झेपावतात त्यावरून माशांची रांग ओळखणारी, रापण ओढताना जाळ्याभोवती कोण कोण जमते हे वर्षानुवर्षे पाहणारी. ही माणसे व्हिडाल यांच्याही काळी किनाऱ्यावर होती. त्यांचे पाहणे कोणत्याही यादीत उतरले नाही. (सिंधुदुर्ग ज्यावर १६६४ पासून उभा राहिला त्या ‘कुरटे’ बेटाचे नाव ‘कुरवा’वरून आले, असे मात्र कृपया कोणी लिहू नये. नुसत्या ध्वनिसाम्यावर नाती जुळवायची खोड राजवाड्यांनाही होती. ती आपण उचलायला नको.)

याचा व्यवहाराशी संबंध आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि मच्छीमारांनी त्याला सातत्याने विरोध केला, कारण त्यांच्या समुद्राविषयीचा निर्णय त्यांच्यावाचून झाला अशी त्यांची भावना होती. आज देवबागच्या संगमातल्या वाळूच्या बेटावर जलक्रीडांच्या नावा लागतात. ओहोटीला कुरवांची बसायची जागाही तीच. उद्या तेथे पक्षी कमी झाले असे म्हणायचे असेल, तर आधी किती होते हे कोणत्या कागदावरून सांगणार?

तेव्हा हिवाळ्यात तेथे जाणाऱ्यांसाठी थोडे कसबाचे. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीशी असतो, रंग खरे दिसतात. संध्याकाळच्या तिरिपीत प्रत्येक कुरवाची पाठ काळी भासते. मोठ्या कुरवात हॉयग्लिनीची पिसे उशिरा बदलतात, जानेवारी-फेब्रुवारीतही पंखाच्या टोकाची पिसे वाढत असतात. बाराबेन्सिस त्याच्या थोडा आधी उरकतो, त्याची पाठ किंचित फिकी, आणि हिवाळ्यात चोचीवर बहुधा काळी पट्टी. पलासचा कुरव सर्वांत दांडगा : कपाळ उतरते, डोळ्याभोवती काळा मुखवटा, पिवळ्या चोचीवर काळा-लाल पट्टा. निमुळत्या चोचीचा कुरव गुजरातेत नेहमीचा, दक्षिणेकडे विरळ. लांब उतरते कपाळ, फिकट डोळा, कानाचा डाग अगदी पुसट किंवा नाहीच. अरबस्तानाच्या किनाऱ्यावरचा काजळी कुरव, जो तांबड्या समुद्राकाठी १८२५ मध्ये मरण पावलेल्या हेम्प्रिख यांच्या नावाने ओळखला जातो, तो दिसल्याचा भास करून देणारे पक्षी पुष्कळ असतात : मोठ्या कुरवांची पहिल्या वर्षाची तपकिरी पिल्ले. तेथे चोच पाहावी. काजळी कुरवाची लांब, जड आणि दुरंगी असते.

आणि नोंद. समजा देवबागला असा एक पक्षी दिसला, तर वहीत अशी ओळ असावी : तारीख, संगमाचे वाळूचे बेट, देवबागच्या बाजूने, सकाळी ७.४० ते ८.१५, ओहोटी, सूर्य पाठीमागे. अंतर साधारण ६० पावले. शेजारी ४ तपकिरी डोक्याचे, त्यांच्याहून आकाराने स्पष्ट मोठा. डोळा गडद, पाय मळकट पिवळे, चोच दुरंगी. पंख उघडलेला दिसला नाही. छायाचित्रे ९, त्यांपैकी ३ अस्पष्ट, सर्व ठेवली आहेत. रापणकरी दोघांनी ‘हा कालही होता’ असे सांगितले. नाव : अनिश्चित.